कुंडींतील बाग आणि तिच्या पाण्याचा हिशेब

परगांवच्या मनुष्यास रत्नागिरी म्हटली म्हणजे पाऊस आठवतो, आणि त्याचें तें आठवणें खोटें नाहीं. जून लागला कीं जो पाऊस सुरू होतो तो सप्टेंबर संपेपर्यंत शंभर इंचांहून पुष्कळ अधिक पाणी आमच्या डोक्यावर ओतून जातो. त्या चार महिन्यांत दोरीवर घातलेला पंचा तीन दिवसांत वाळला तरी घरांत त्याची वार्ता होते. परंतु ज्यांची हयात येथें गेली त्यांस दुसरी रत्नागिरीही ठाऊक आहे. दिवाळी झाली कीं आकाश कोरडें पडतें तें मृगापर्यंत. मधले सात-आठ महिने, एखादी अवकाळी सर सोडली, तर थेंब नाहीं. फेब्रुवारी-मार्चांत पूर्वेकडून कोरडा वारा सुटला म्हणजे समुद्रकांठचें गांव असूनही ओठ फुटतात, सड्यावरचें गवत काडी काडी होतें, आणि एप्रिलांत ज्या वाड्यांवर जुलईंत पाणी कोठें काढून टाकावें हा प्रश्न होता त्याच वाड्यांवर टँकरची वाट पाहत हंडे रांगेंत बसतात.

एवढें पाणी जातें कोठें? त्याचें उत्तर आपल्या पायांखालीं आहे. जांभा दगड हा मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. पडलेलें पाणी त्यांतून खालीं उतरतें आणि उतारावरून समुद्राची वाट धरितें. फ्रान्सिस बुकॅनन नांवाच्या प्रवाशानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत ह्या दगडास ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. लॅटिन भाषेंतील विटेच्या शब्दावरून तें बनविलेलें आहे, कारण मलबारांत लोक हा दगड विटेसारखा कापून घेतात व उघड्या हवेंत तो कठीण होतो, हें त्यानें पाहिलें होतें. आपल्याकडील चिऱ्याच्या खाणींत हेंच आजही पाहावयास मिळतें. ह्या दगडावर माती किती? कोठें वीतभर, कोठें बोटभर, आणि सड्यावर कित्येक ठिकाणीं मुळींच नाहीं. तेव्हां ज्याच्या दारांत नुसता कातळ आहे त्यानें चार मिरच्या कोठें लावाव्या? त्यास कुंडीवांचून गति नाहीं. शहरांत जे गच्चीवर अथवा खिडकींत बाग करितात ते हौसेनें करितात. आमच्या सड्यावरच्या माणसास कुंडी ही जमिनीच्या ऐवजीं लागते.

ह्याच विचारानें कांहीं वर्षांपूर्वी आम्हीं आपल्या वर्गांतील प्रत्येक मुलास घरीं एक कुंडी लावण्यास सांगितलें. मुलांनीं उत्साहानें लावल्या. मार्च उजाडला आणि एके दिवशीं एका विद्यार्थ्याची आई शाळेंत आली. वहींतील गुणांविषयीं कांहीं विचारावयाचें असेल असें आम्हांस वाटलें. ती म्हणाली, “सर, तुम्ही पोराला कुंडी लावायला सांगितलीत, चांगलं केलंत. पण तिला पाणी घालायचं कुणी? विहीर तळाला गेल्ये. मी दोन खेपा जास्त करायच्या काय?” आमच्याजवळ उत्तर नव्हतें. मुलांना झाडाचें नांव, बीं पेरण्याची खोली, खताचें प्रमाण सर्व आम्हीं सांगितलें होतें. पाणी कोणाच्या डोक्यावरून येतें एवढेंच सांगण्याचें राहिलें होतें. पुढील मजकूर म्हणजे त्या बाईंना त्या दिवशीं देतां न आलेलें उत्तर आहे, असें समजावें.

प्रथम गणित. बारा इंच रुंद व बारा इंच उंच अशी एक कुंडी घ्या आणि सहा इंच रुंद, सहा इंच उंच अशी दुसरी घ्या. दुसरी पहिलीच्या निम्मी, असें डोळ्यांस वाटतें. परंतु घनफळ काढून पाहा: पहिलींत सुमारे बावीस लिटर माती मावते, दुसरींत पावणेतीन लिटर, म्हणजे आठवा हिस्सा! आणि जेथून पाणी उडून जातें तो पृष्ठभाग मात्र चौथा हिस्सा. म्हणजे मातीच्या मानानें पाणी उडण्याची वाट लहान कुंडींत दुप्पट. शोभेच्या चिमुकल्या कुंड्या मेमध्यें दुपारपर्यंत मान टाकतात त्याचें कारण हेंच. म्हणून उन्हाळ्यासाठीं लहान चार कुंड्यांपेक्षां मोठी एक बरी. एका मोठ्या कुंडींत मधोमध मिरचीचीं दोन रोपें, कडेला माठ, असें चालतें.

कुंडी कशाची असावी, ह्याविषयीं पुष्कळ वाद आहे. मातीची कुंडी दिसण्यास सुंदर, मुळांस थंड, परंतु ती आपल्या अंगांतून पाणी सोडते. ज्या कारणानें माठांतील पाणी गार होतें त्याच कारणानें मातीच्या कुंडींतील पाणी उडतें. गारवा फुकट मिळत नाहीं. प्लास्टिकची बादली अथवा पत्र्याचा डबा पाणी धरून ठेवतो, पण ऊन लागलें कीं तापतो, आणि काळ्या रंगाचा असेल तर आंतील कोंवळीं मुळें भाजून निघतात. आमचें मत असें कीं, घरांत जें फुटकें-मोडकें भांडें असेल तेंच घ्यावें, मात्र त्यास बाहेरून चुन्याचा पांढरा हात द्यावा व तळाला भोकें पाडावींत. विकत कुंडी आणणें हा बागेचा आरंभ नव्हे. चिरे रचून केलेला चौकोनी वाफाही उत्तम. आपल्या दारापुढचें तुळशीवृंदावन म्हणजे दुसरें काय आहे? कुंडींतील बाग ही नवी विद्या आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपल्या अंगणांत एकवार पाहावें.

आतां भरण्याविषयीं. आमच्या लहानपणीं तळाला विटांचे व दगडांचे तुकडे चांगले चार बोटें भरीत, म्हणजे पाण्याचा निचरा होतो असें म्हणत. आम्हींही पुष्कळ वर्षें तसेंच केलें व दुसऱ्यांस शिकविलें. हें चुकीचें होतें. बारीक कणांच्या मातींतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाहीं. वरची माती पुरती चिंब झाल्यावांचून तें खडीच्या थरांत पाऊल टाकीत नाहीं. म्हणजे निचरा सुधारत नाहींच, उलट मुळांची चार बोटें जागा जाते. भोंकावर खापराचा एक बाक असलेला तुकडा, पालथा, एवढें पुरे. मंगलोरी कौलाचा तुकडा ह्या कामीं फार चांगला. मंगळुरास बासल मिशननें १८६५ सालीं कौलांचा कारखाना काढला, तेव्हांपासून हीं कौलें पश्चिम किनाऱ्यावरील घरांवर चढलीं, आणि वाऱ्यानें फुटलेल्यांचा ढीग बहुधा प्रत्येक घरामागें असतोच.

त्यावर नारळाच्या सोडणाचे तुकडे पसरावे. सोडण आधीं दोन-तीन दिवस पाण्यांत भिजत घालून तें तांबूस पाणी ओतून द्यावें. त्यांतील तुरट द्रव्य व क्षार कोंवळ्या मुळांस मानवत नाहींत. सोडणांतील भुसा आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. खडीपेक्षां ह्याचा उपयोग अनेक पटींनीं अधिक, आणि आपल्याकडे तें चुलींत जातें! मग निम्मी तांबडी माती व निम्मा कुजलेला पालापाचोळा व शेणखत यांचें मिश्रण भरावें. आपली जांभ्याची माती आंबट असते, तींत चुना थोडा, आणि लोहाचा अंश इतका कीं स्फुरद तिच्यांत असून झाडास मिळत नाहीं. कुजलेल्या पानांनीं हा दोष पुष्कळ कमी होतो. चुलीची राख मूठभर चालते, ओंजळभर नव्हे. कडेला वरून दोन बोटें जागा रिकामी ठेवावी, नाहींतर घातलेलें पाणी कांठावरून वाहून जाईल.

पाचोळ्याचें महत्त्व ज्यांस अधिक जाणून घ्यावयाचें असेल त्यांनीं कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) ह्यांच्या कामाची माहिती मिळवावी. हे गृहस्थ गणिताचे प्राध्यापक. त्यांनीं ‘प्रयोग परिवार’ उभा करून शेतकऱ्यांस व गृहिणींस आपापल्या दारांत मोजमाप करून प्रयोग करावयास शिकविलें. पाचोळा व स्वयंपाकघरांतील कचरा हीच माती बनवावी, हें त्यांचें सांगणें पुढें मुंबईच्या गच्च्यांपर्यंत पोंचलें. त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या छपरावर ह्या शतकाच्या आरंभीं स्वयंपाकघराच्या कचऱ्यावरच भाज्या व फळझाडें वाढविण्यांत आलीं. शेंकडों माणसांच्या जेवणाचा जो कचरा गाडींतून जावयाचा तो एक मजला वर चढला, इतकेंच.

आतां मुख्य गोष्ट, पाणी. तें किती लागतें हें कोणाच्या सांगण्यावरून न मानतां तोलून पाहावें. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आहेच. सकाळीं पाणी घातलेली कुंडी निथळल्यावर वजनकांट्यावर ठेवा. संध्याकाळीं पुन्हा ठेवा. जेवढें वजन घटलें तेवढें पाणी गेलें. आमच्या वर्गांतील मुलांनीं एप्रिल महिन्यांत सारख्या मापाच्या दोन कुंड्या अशा तोलल्या. एक उघड्या कातळावर, मातीवर कांहींही न अंथरलेली. दुसरी आंब्याच्या सांवलींत, विटांवर ठेवलेली, वर चार बोटें पातेरा घातलेली. दुसरीनें पहिलीच्या निम्म्याहूनही कमी पाणी घालविलें. दोघींत मिरचीच होती, आणि दुसरीची मिरची अधिक हिरवी होती. पहिल्या कुंडीचें पाणी झाडानें प्यालेंच नाहीं, तें उन्हानें व वाऱ्यानें प्यालें!

म्हणून पहिला उपाय हा पातेऱ्याचा. पेंढा असो, सुकलीं पानें असोत, काजूचीं असोत कीं फणसाचीं. मातीचें तोंड उघडें ठेवूं नये. बुंध्यापासून दोन बोटें मात्र दूर ठेवावा, नाहींतर साल कुजते. दुसरा उपाय सांवलीचा. भाजीला सकाळचें ऊन हवें, दुपारचें नको. माडाचीं झापें विणून चार काठ्यांवर पश्चिमेकडून आडवीं लाविलीं कीं काम झालें. चिऱ्याची पश्चिमेची भिंत दिवसभर तापते व रात्रीं ती ऊब हळूहळू सोडीत असते. तिला टेकून कुंडी ठेवूं नये. कुंड्या एकमेकींस खेटून ठेवाव्या, मोठ्या बाहेर, लहान मध्यें, म्हणजे एकीची सांवली दुसरीवर पडते.

तिसरा उपाय जुना, इतका जुना कीं त्याचें वर्णन चीन देशांत इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत फान् शंग्-चृ नांवाच्या कृषिपंडितानें लिहून ठेविलेलें आहे. खत घातलेल्या खड्ड्याच्या मधोमध मातीचें मडकें तोंडापर्यंत पुरावें, त्यांत पाणी भरून वर कौल झांकावें, आणि भोंवतीं वेलाच्या चार बिया टोंचाव्या. मडकें भाजलेलें परंतु झिलई न दिलेलें असलें पाहिजे. त्याच्या अंगांतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरतें, आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही कीं, भोंवतालची माती कोरडी असेल तर ती पाणी अधिक ओढते, ओली असेल तर कमी ओढते. म्हणजे पाणी किती द्यावें हें माणसानें ठरवावयाचें नाहीं, मातीनेंच मागून घ्यावयाचें. आपल्या देशांत १९७० नंतरच्या दशकांत कर्नाल येथील मृदा-लवणता संशोधन संस्थेंत ह्या रीतीचा अभ्यास झाला व खारट जमिनींतही भाजी ह्या मडक्यांवर घेतां येते असें दिसून आलें.

आम्हीं हें मोठ्या टोपांत व अर्ध्या पिंपांत करून पाहिलें. दोन लिटरचें बाजारांतलें साधें मडकें, रंग न दिलेलें, मध्यें पुरलें. भोंवतीं मिरचीचीं तीन रोपें. एप्रिलांत तें तिसऱ्या दिवशीं भरावें लागे. वरून शिंपतांना जो पसारा होतो, अर्धें पाणी पानांवर, थोडें पायांवर, त्यांतलें कांहीं उरलें नाहीं. एक दोष सांगितला पाहिजे: पाणी जड असेल तर एका हंगामांत मडक्याचीं छिद्रें क्षारांनीं बुजतात. तें काढून काथ्यानें घांसावें व कडक उन्हांत वाळवावें. लहान कुंडींत मडकें पुरण्यास जागा नसते. तेथें गळतीची युक्ति करावी. चैत्र-वैशाखांत पिंडीवर व तुळशीवर तळाला बारीक भोंक पाडलेलें, चिंधीची वात घातलेलें भांडें टांगतात, तें सर्वांनीं पाहिलेलें आहे. थेंब थेंब पाणी मुळाशीं पडतें. आज शेतांतून ज्या ठिबकाच्या नळ्या दिसतात त्यांची ही आजी होय. बाटलीच्या झांकणास सुईनें भोंक पाडून ती उलटी टांगली तरी तेंच काम होतें.

आतां त्या बाईंच्या प्रश्नाकडे वळूं. पांच माणसांच्या घरीं दोन वेळचे तांदूळ व भाजी धुण्यास दोन-तीन लिटर पाणी सहज लागतें, आणि तें मोरींतून जातें. तें एका बादलींत धरावें. साबणाचें, तेलकट किंवा मीठ घातलेलें पाणी ह्यांत मिसळूं नये. वर सांगितलेली काळजी घेतली तर मोठ्या एका कुंडीस दिवसाला अर्धा-पाऊण लिटर पुरतें. म्हणजे ज्या घरांत हंड्यानें पाणी येतें त्या घरानें तीन, फार तर चार कुंड्या लावाव्या. पांचवी लावूं नये. हें आमचें मत कांहीं उत्साही बागवानांस कृपणाचें वाटेल. परंतु जी कुंडी भरण्यासाठीं कोणास विहिरीची एक खेप अधिक करावी लागते ती मिरचीची कुंडी नसून, त्या माणसाच्या श्रमाची कुंडी असते, आणि आपल्याकडे तें माणूस बहुधा घरांतील बाईच असतें. न्हाणीच्या पाण्यावर आपले वाडवडील अळू व केळ लावीत, त्यांनीं हा हिशेब न लिहितां केला होता.

काय लावावें? मिरची, वांगें, गवार, चवळी, तांबडा माठ, मायाळू हीं ऊन सोसतात. मिरचींत दापोलीच्या कृषि विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ ही जात आपल्या हवेंत चांगली येते. पानओवा, गवती चहा, कढीलिंब यांस तर फारशी चिंता लागत नाहीं. कोथिंबीर मार्चानंतर लावूं नये. उष्णतेनें ती वीतभर होण्यापूर्वींच तुऱ्यावर येते. टोमॅटोचें झाड एप्रिलांत हिरवेंगार दिसतें, फुलतें, आणि रात्रीं उकाडा राहिला कीं फुलें गळतात. पाणी कमी पडलें असें समजून लोक अधिक पाणी घालतात व बिचाऱ्या झाडास बुडवितात. पाणी घालण्यापूर्वी मातींत बोटाचें दुसरें पेर जाईपर्यंत बोट खुपसावें. ओल लागली तर त्या दिवशीं कांहीं घालूं नये.

ह्या बाबतींत आमचीच एक फजिती सांगतों. एका मे महिन्यांत आम्ही सुटींत परगांवीं गेलों व आपल्या अठरा कुंड्या शेजाऱ्यांवर सोंपविल्या. परत येऊन पाहतों तों अकरा मेलेल्या. शेजारी चुकले म्हणून आम्ही मनांतून रुष्ट झालों. मग माती उकरून पाहिली तर ती काळी, घाण मारणारी. त्या भल्या माणसांनीं दोन वेळां, न चुकतां, तांब्या तांब्याभर घातलें होतें. प्रमाण आम्हीं सांगितलें नव्हतें. तेव्हांपासून जातांना प्रत्येक कुंडीवर खडूनें ‘तिसऱ्या दिवशीं, एक तांब्या’ असें लिहून ठेवतों.

खाडीच्या बाजूच्या विहिरींचें पाणी उन्हाळ्यांत मचूळ होतें. तें घातलें कीं पानांच्या कडा जळतात व मातीच्या कुंडीच्या अंगावर पांढरी पूड उठते. अशा घरांनीं पंधरा दिवसांतून एकदां, मिळेल तर गोडें पाणी, खालच्या भोंकांतून वाहूं लागेपर्यंत घालावें, म्हणजे क्षार धुऊन जातात. कुंडीखालीं ताटली ठेवण्याची रीत असेल तर ती आठवड्यास एकदां रिकामी करून पुसावी, व पुरलेल्या मडक्याचें तोंड नेहमीं झांकलेलें असावें. डेंग्यूचा डांस स्वच्छ, सांठलेल्या पाण्यांतच अंडीं घालतो, आणि अंड्यापासून उडता डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात.

मृगाचा पाऊस आला कीं झापें काढावीं, पातेरा बाजूस करावा, आणि कुंड्या पागोळ्यांखालून दूर न्याव्या. पागोळीची धार मातींत खड्डा पाडते व मुळें उघडीं होतात. पहिले दोन-तीन चांगले पाऊस मात्र त्यांस उघड्यावर मिळूं द्यावे, उन्हाळ्यांत सांचलेले क्षार त्यांत धुऊन जातात. मडकीं ह्या सुमारास उकरून काढावीं, घांसून, चुलीजवळ वाळवून माळ्यावर पालथीं ठेवावीं. दिवाळीचा फराळ संपला कीं तीं पुन्हा खालीं उतरतात.